ठेक्यावरची मेमरी

संघप्रिया दुर्गे आमच्या कार्यालयात ठेक्यावर लागली. मी परमनंट आहे, बी.कॉम. आहे आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो आहे. तिच्यावर लिहायला बसलो की पहिला शब्द 'हेवा' हाच सुचतो, म्हणून तो आधीच लिहून टाकतो.

घुग्घुसला आमच्या वाहतूक कंपनीचा काटा आहे. कोळशाने भरलेला ट्रक त्यावर चढतो, वजन संगणकात जातं. लाईट गेली आणि धूळ खाल्लेल्या बॅटरीनेही दगा दिला, की शेवटच्या काही ट्रकांचे आकडे उडायचे. मग ट्रक परत काट्यावर, मागे रांग, हॉर्न आणि शिव्या. माझं टेबल काट्याच्या खिडकीशी. नंबर आणि वजनं माझ्या डोक्यात राहतात. "मशीनले काय विचारता? भाऊले विचारा!" असं मुखरू ड्रायव्हर ओरडायचा. मी मान वर न करता आकडा सांगायचो. हा माझा मान होता.

संघप्रिया आरमोरीची. घरी धानाची शेती, संगणकाची पदवी चंद्रपूरची. ओढणी तोंडाला गुंडाळून स्कूटीवर येते. ओढणी सोडली की उघडं राहिलेलं कपाळ तेवढं कोळशाच्या धुळीने काळं दिसतं. डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी वाटता वाटता तिला स्वतःला उरत नाही. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. शेठ तिच्या टेबलापाशी उभं राहून चहा पितात. माझ्या टेबलापाशी त्यांचा चहा कधी आला नाही.

नवा सर्व्हर तिनेच शेठच्या मागे लागून आणवला. त्या एका सर्व्हरच्या पोटात तीन मशीन चालतात: काट्याची, हजेरीची आणि बिलांची. दिसायला तीन, लोखंड एकच. सोबत नव्या जातीची मेमरीही आली. साधी मेमरी लाईट गेली की कोरी होते. ही चपळ तितकीच, पण लिहिलेलं सोडत नाही. शेठ म्हणाले, "सोमवारी माझ्यासमोर लाईट तोडून दाखव. आकडे टिकले तर मेमरीसोबत तूही परमनंट."

तो शब्द मला टोचला. परमनंट होण्यासाठी मी किती साहेबांच्या पुढेपुढे केलं होतं! आणि हिला एक वायर ओढायची होती.

शनिवारी तिने मला तालीम दाखवली. काट्याची मशीन बंद केली, सुरू केली. आकडे जागच्या जागी.

"पाहा भाऊ! विसरते का?"

"ही तर फक्त पोटातली मशीन झोपवलीस," मी म्हणालो. "लाईट गेली की अख्खा सर्व्हर झोपतो. त्याची वायर ओढ की."

"ओढतो ना! काऊन भ्यायचं?"

तिने ओढली. सर्व्हर परत उठला, काट्याची मशीन उठली, आणि पडदा कोरा. एकही ट्रक नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

तिने कीबोर्ड ओढून खालची मांडणी तपासली आणि कपाळावर हात मारला. "अवो माय! भाऊ, इचं तर माह्यासारखंच झालं. मशीनले सांगून ठेवलं का तू परमनंट हायस, आन् खालून मेमरी देल्ली ठेक्यावरची!"

झालं होतं तसंच. काट्याच्या मशीनला जी जागा नेमून दिली, ती नव्या मेमरीतून कापायची सोडून तिने साध्या मेमरीतून कापली होती. सर्व्हर जागा असेपर्यंत ती टिकली, तो झोपताच गेली. बिचाऱ्या मशीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती स्वतःला पक्कीच समजत होती.

हे पाहणारा मी एकटा. तिने गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण तिने माझ्यासमोरच फोन लावला. "शेठ, मी चुकली. आज लाईट गेली असती तर सारे आकडे गेले असते. सुधरून राह्यली."

फोनमधून शेठचं हसणं मला ऐकू आलं. शेठना असा फोन करण्याची माझी उभ्या नोकरीत छाती झाली नसती. तिच्या पदवीपेक्षा, चहापेक्षा, मला त्या फोनचा जास्त हेवा वाटला.

सोमवारी काट्यावर मुखरूचा ट्रक होता. आकडा नव्या मेमरीत पक्का बसल्यावरच हिरवा दिवा लागेल, अशी सोय तिने केली होती. दिवा लागला. तिने वायर ओढली. पडदा काळा.

"मेली का वं मशीन?" मुखरू खिडकीतून ओरडला. "आता मले परत रांगेत लावता काय?"

"थांब न भाऊ, उठून राह्यली!"

सगळे पडद्याभोवती गोळा झाले. शेठची पाठ माझ्याकडे होती. पडदा उजळला आणि मुखरूच्या ट्रकचं वजन जसंच्या तसं समोर आलं. संघप्रियाने टाळी वाजवली. शेठ म्हणाले, "झालीस परमनंट."

"भाऊ, तुमची ड्यूटी गेली!" मुखरू हसला. सगळे हसले, मीही हसलो.

आकडा पडद्याच्या आधी माझ्या ओठांवर आला होता. कुणी विचारला नाही.