सून कशी हाय?

फ्लूच्या साथीत बारामतीच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. नाडी धरून प्रत्येक म्हातारीला विचारायच्या, "आजी, सून कशी हाय?" एका दमात गाऱ्हाणं सांगणारीला त्या निवांत झोपू देत. अडखळणारीवर मात्र त्यांची नजर असे.

सणसरहून आणलेल्या माझ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गुणाची हाय."

मी सुखावले. बाईंनी मात्र त्यांची खाट लगेच ऑक्सिजनच्या नळकांड्याजवळ ओढली. "पुढं बोलायला दम पुरंना त्यांना. डॉक्टरांना बोलवा!"

त्यानंतर बाई तिथून हललेल्या मी पाहिल्या नाहीत. ताप उतरला त्या सकाळी सासूबाई पेजेचा घोट घेऊन कडाडल्या, "मीठ काय तुझी आई येऊन घालणार हाय?"

बाई खाटेवरच बसल्या. "बोला आजी, आजून बोला."

मीही मनातून तेच म्हणत होते.