विमलताई पुढे आल्या

विमलताई साड्यांशी बोलायच्या. घडी घालून कपाटात ठेवताना म्हणायच्या, "चला, निजा आता." त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. नवीन जालन्यातल्या साडीच्या दुकानात त्या मागच्या कपाटांपाशी असत. साडी अंगावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवायचं काम माझं. मी गोरी होते, त्या काळ्याभोर, एवढंच कारण. रंगावरून त्यांना चार स्थळांनी नाकारलं होतं. बसस्टँडमागे एका खोलीत एकट्याच राहायच्या.

एकदा रद्दीत एक विलायती मासिक आलं. मुखपृष्ठावर काळी बाई, मान ताठ.

"काय लिव्हलंय? वाच की, सुनंदा."

मी अडखळत वाचलं. "अमेरिकेतली आहे. कपड्यांच्या जाहिरातीत काळ्या बायकांना घेतच नव्हते म्हणे. ही अडून बसली."

ताई बराच वेळ बघत होत्या. "बिलकुल माझ्या रंगाची हाय. आन् लाजून न्हाई राह्यली."

त्याच लग्नसराईत जांब समर्थ गावाकडच्या मायलेकी आल्या. मुलगी काळी. तिला हळदीच्या रंगाची साडी आवडली. मी ती खांद्यावर टाकली, तशी आई म्हणाली, "तुमच्यावर दिसंल हो. हिच्यावर न्हाई उठायची." मुलीनं हात मागे घेतला.

विमलताई मागून आल्या. माझ्या खांद्यावरची साडी काढून त्यांनी स्वतःच्या अंगावर चोपून बसवली आणि दारातल्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. "मंग आता बघा, माय. माझ्यावर बघा."

मुलगी हसली. त्यांनी तीच साडी नेली.

मालकांनी सगळं पाहिलं होतं. आठवड्याभरात विमलताई पुढे आल्या आणि मी मागे गेले. खेड्यापाड्यांतल्या बायका "त्या काळ्या ताईलाच दाखवू द्या" म्हणायला लागल्या. दुकानात कामाला असलेल्या आम्ही बाकीच्या चौघी मात्र डबा खायला त्यांना हाक मारीनाशा झालो. सुरुवात मी केली. त्या भिंतीकडे तोंड करून भराभर जेवायच्या. हे चौदा वर्षं चाललं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मीही कधी सरकून जागा दिली नाही.

नजर अधू झाली तेव्हा त्या परभणीला भावाकडे निघाल्या. पोचवायला मी एकटीच गेले, माफी मागायची असं ठरवून.

एसटीच्या खिडकीतून त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत किती बायांनी माझ्याकडं बघितलं, सुनंदा. दोन शब्द बोललं कुणी न्हाई."

गाडी त्यानंतरही पाच मिनिटं उभी होती. मी काहीच बोलले नाही.