हात मागे घेतले तेव्हा

गल्ली त्याला टर्नर म्हणायची, पण घरात थोरला भाऊ असल्यामुळे तो केस पिकले तरी धाकटाच राहिला. लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, वडिलांच्या वेळचा. धाकट्यासोबतच तोही म्हातारा झाला.

ज्या लोखंडी रुळांवरून हत्यार सरकतं, ते रूळ चकाजवळ, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, झिजून खोल गेले होते. सगळं काम तिथंच व्हायचं ना! हत्यार तिथं आलं की खाली बसायचं आणि कातायचा लोखंडी दांडा, शाफ्ट, त्या टोकाला जाड राहायचा. वर्षानुवर्षं धाकटा ते सांभाळून घेत आला. कसं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. अलीकडे मात्र तेही पुरेना.

"भंगारवाल्याशी बोललोय," थोरला म्हणाला.

धाकटा लेथला पाठ लावून उभा राहिला. "दादा, रूळ दुरुस्त करतो. एक शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा उतरला, तर ठेवू."

"आणि नाही उतरला तर?"

"तर गाडीत चढवायला मीच हात लावीन."

मग धाकटा नि त्याची बायको, दोघं त्या रुळांना चिकटूनच बसली. ती सपाट पट्टीला निळा रंग फासायची, तो पट्टी रुळावर फिरवायचा. निळं लागेल तो उंचवटा. तेवढाच धारदार पात्यानं खरवडायचा, की पुन्हा रंग. घाई केली की खड्डा पडणार. घरातल्या डब्यांवर निळी बोटं उमटली, उशांवर उमटली. होता होता एके दिवशी रूळभर निळे ठिपके असे सारखे पडले, जणू कुणी चाळणीतून पेरलेत.

थोरल्याला बोलावणं गेलं. शाफ्ट उतरला. थोरल्यानं जाडी मोजायचा कॅलिपर त्यावरून फिरवला आणि मान हलवली. "फरक आहेच."

दुसरा उतरवला. तेच. धाकट्यानं तिसरा शाफ्ट चढवला.

बायकोनं कॅलिपर हातात घेतला. "थांबा भाऊजी. अहो, पूर्वी चकाजवळ शाफ्ट कसा यायचा?"

"जाड."

"आज बारीक आलाय."

"मग?"

"मग रूळ सरळ झाले, तुम्ही नाही झालात. हत्यार तिथं पोचलं की तुमची बोटं हत्याराचं हँडल हळूच आत फिरवतात. झोपेतसुद्धा फिरवता. माझा दंड साक्षीला आहे!"

थोरल्याला ठसका लागला. "मी कुठं..." म्हणत धाकट्यानं खाली पाहिलं. हात हँडलवरच होता.

"हात मागे घ्या."

त्यानं घेतले. तिनं मागून दोन्ही मनगटं पकडली. यंत्र सुरू झालं, हत्यार आपलं आपण चालू लागलं. चकाजवळ येताच त्याची बोटं तिच्या मुठीत वळवळली. तिनं मूठ आवळली. लोखंडाची साल लांबच लांब, न तुटता, वेटोळी घालत खाली उतरली.

थोरल्यानं कॅलिपर लावला. तो सरकताना सर्र असा बारीक आवाज आला, आणि दुसऱ्या टोकापर्यंत तस्साच येत राहिला. त्यानं परत फिरवला. मग आणखी एकदा, नुसताच, ऐकायला. डोळे पुसून त्यानं फोन लावला.

"गाडी नको आणूस रे. यंत्र ठणठणीत आहे. वाकडा आमचा धाकटा निघाला, तो नेतोस का?"

"नाही देणार!" बायको ओरडली. मनगटं तिनं अजून सोडली नव्हती.