निऱ्यामावशीचं बोट

साडी नेसवायला सगळ्यांना तीच लागायची, म्हणून नाव पडलं निऱ्यामावशी. तोंडाने फटकळ, पण तीस वर्षांत एकाही बाईला तिची पिन टोचली नव्हती. यात जादूबिदू काही नव्हती. पिन लावताना ती डाव्या हाताचं बोट कापडाच्या आतून धरायची. टोक बोटाला लागलं की तिथूनच वळवायचं. टोचलंच तर हिला, समोरच्या बाईला नाही.

गेले तीन महिने मात्र तिच्या बोटांना काही कळेनासं झालं होतं. रक्तातल्या साखरेमुळे, असं डॉक्टर म्हणाले. घरात तिने ताकास तूर लागू दिली नाही, सुनेला तर मुळीच नाही. सून मशीनवर तयार साड्या शिवायची, निऱ्या शिवलेल्या, बाजूला चेन लावलेली. "ही साडी की उशीचा अभ्रा गं?" असं मावशी तिला रोज ऐकवायची. नव्या पद्धतींना तिचा नकार नव्हता. पँटवर म्हणा, घागऱ्यासारखी म्हणा, ती हौसेने नेसवायची, पण हाताने. आता हातच गेले तर आपल्याला विचारणार कोण, हीच तिला धास्ती होती.

त्या सकाळी दोन गल्ल्या पलीकडची मुलगी पदवी घ्यायला निघाली होती. पँटवर साडी, कमरेला पट्टा. साडी आईची, पांढऱ्या रेशमाची. मावशीने तिच्या घरी जाऊन खांद्यावर पदराच्या बारीक घड्या बसवल्या, आत बोट घातलं, पिन लावली, घड्या पुन्हा चापूनचोपून नीट केल्या.

आरशात बघत मुलगी म्हणाली, "मावशी, हे लाल काय आहे?"

खांद्यापासून छातीपर्यंत ठिपके पडले होते. मावशीने हात उलटा करून पाहिला. बोटातून रक्त वाहत होतं आणि तिला पत्ताही नव्हता.

मुलीची आई धावत आली. "टोचलंत तिला?"

"तिला नाही. मला."

"मग थांबला का नाहीत?"

मावशी खाली स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझ्या सुनेला फोन लावा."

सून पाच मिनिटांत आली. तिने पदर सोडवला, गार पाण्याने डाग धुतले, इस्त्री फिरवली. फिकट राहिलेले डाग आतल्या बाजूला जातील अशा घड्या घातल्या आणि पिन उचलली. मग डाव्या हाताचं बोट कापडाच्या आत घातलं. मावशीने तिला हे कधी शिकवलं नव्हतं. दारातून बघत बघत शिकली होती कार्टी.

पिन आत जाताच सून "स्स" म्हणाली आणि तिने टोक तिथूनच वळवलं.

तेवढ्या आवाजाने मावशीचे डोळे भरून आले. तिला सुनेचा हेवा वाटला, अगदी मनापासून हेवा.

जिना उतरताना सून हळूच म्हणाली, "कधीपासून, आई?"

"तीन महिने झाले."

सुनेने तिचं बोट हातात घेऊन आपल्या पदराने बांधलं. जोरात आवळलं होतं, हे मावशीला नुसतं दिसलं.