न्हानीमागची ब्राह्मी

आता नवऱ्याच्या पाठीवर फवारणीचा पंप दिसला का माह्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या न्हानीचं पानी मांगं जिथं जिरते, तिथं मी ब्राह्मी लावली होती. माय गेली त्या वर्षी माहेरून, रिठदहून ओल्या फडक्यात बांधून आनलेल्या चार काड्या. माहेरी आता मायनं लावलेली ब्राह्मी नाई. भावानं त्या जाग्यावर कोबा करून टाकला. इथं मातर ओलाव्यात ती अशी सरकत गेली का दोन वर्सात खाटेएवढी जागा झाकली. हर पेरावर मुळं, अन् पांढरी-जांभळी बारीक फुलं. माय करे तसं डोक्याचं तेल मी त्यातूनच करत होती.

शेजारची बाई एकदा न इचारता मूठभर उपटून घेऊन गेली. मी फाटकात उभी राहून तिले चोट्टी म्हनलं, अख्ख्या गल्लीनं आयकलं. मागितली असती तं दिली नसती काय? खरं सांगू, नसतीच दिली.

मंग यंदा सोयाबीनच्या निंदनाच्या दिवसात पाह्यलं तं न्हानीमागं सारं पिवळं. चार दिवसांत करपून काळं. नवऱ्यानं तणनाशकाचा पंप तिथं धुतला होता!

"काहून धुतला तुमी तिथं?" मी वरडली.

"पानीच तं होतं. अन् गवतच तं होतं ते."

गवत! माह्या मायच्या हातचं, अन् म्हने गवत! पुढं माह्या तोंडातून काय काय निंगालं ते सांगत नाई. सारं आयकून घेतल्यावर तो हळूच म्हने, "विहिरीपाशी पंप धुऊ नका, न्हानीपाशी धुवा, हे तूच तं म्हनली होती."

म्हनली होती. दर हंगामात बजावलं होतं. मंग तं मले आनखीनच राग आला, अन् तो काढाले कोनी उरलं नाई.

एखादी काडी जित्ती सापडते का म्हनून दोन दिवस चिखल उकरला. कायी नाई. शेवटी शेजारणीच्या फाटकात गेली. तिच्या हातपंपाच्या डबक्याभोवती ब्राह्मी नुसती माजली होती, फुलांनी भरलेली. ते पाहून मले रडू आलं, पन मागाले जीभ रेटेना.

तिनं मले पाह्यलं, वाकली, मुळासगट मूठभर उपटली अन् ओल्या फडक्यात बांधली.

"घे बाई. तुह्या मायची ब्राह्मी मी चोरली नसती, तं आज कुठून आनली असती तू?"

एवढ्या जोरानं म्हनली का अख्ख्या गल्लीनं आयकलं.