कडता बंद केला तेव्हा

समुद्रपूरला माझा तेलघाणा आहे. सायकलला डबे बांधून गावोगाव तेल विकत मी सुरुवात केली. लाकडी घाणा आणि त्याची मोटर फार नंतर आली, आणि त्यात कोणाची मदत नव्हती. म्हणून वर्ध्याच्या एका संस्थेच्या मॅडम मला धंदा शिकवायला आल्या, तेव्हा मी चहा दिला, पण खुर्ची पुसून दिली नाही.

वयाने माझ्या मुलीएवढ्या. गावातले लहान धंदे वाढावेत, पण माती आणि माणसं ओरबाडून नको, असं त्यांचं काम. एका वसतिगृहाच्या खानावळीशी त्यांनी बोलून ठेवलं होतं. वर्षभर जवसाचं तेल तिथे जाणार होतं. अटी दोन. तेल प्लास्टिकमध्ये द्यायचं नाही, आणि जवस जवळपासच्या शेतकऱ्यांकडूनच, कडता न कापता घ्यायचा.

प्लास्टिकचं ऐकून मला हसू आलं. माझं गिऱ्हाईक पहिल्यापासून घरचा डबा घेऊन येतं. त्याचं कौतुक करायला कधी कोणी आलं नव्हतं. कडत्याचं ऐकून मात्र डोकं तापलं. मालात माती-काडी असते म्हणून व्यापारी प्रत्येक पोत्यामागे ठरलेलं वजन कापतो. माल स्वच्छ असला तरी कापतो. तो कडता. सगळा बाजार घेतो, माझ्या बापाच्या मालातूनही घेतला. सुधारायला मीच सापडलो का, असं मी आवाज चढवून विचारलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, ऑर्डर पण तुम्हालाच मिळणार आहे ना?"

बाई हुशार होती. मी दुपारभर ताणलं आणि तेलासाठी स्टीलचे कॅन संस्थेच्या खर्चाने द्यायला लावले.

जवस निघाला तशी मी घाण्यासमोर मोठी चाळणी लावली. विकणाऱ्यासमोर माल चाळायचा, कचरा त्यालाच परत द्यायचा आणि उरलेल्याचं पूर्ण वजन धरायचं. मॅडमच्या सांगण्यावरून भावाची पाटीही लावली. घासाघीस बंद.

आठवडा गेला, एक पोतं आलं नाही. लोक पाटी वाचत, चाळणीकडे बघत आणि पुढच्या व्यापाऱ्याकडे जात. तो बिनदिक्कत कडता कापत होता. खानावळीला पहिलं तेल महिनाअखेरीस द्यायचं होतं. जवस नसता तर ऑर्डर गेली असती.

शेवटी मी घाण्यासमोरच्या रस्त्यावर एक ऑटो अडवला. त्यात शेजारच्या गावची म्हातारी पोती घेऊन बसली होती. स्वतः शेती करणारी, दरवर्षी मलाच जवस देणारी.

"मावशी, काऊन पुढं चालली? मी यंदा कडता नाई घेत."

"म्हणूनच तं भेव वाटते," ती म्हणाली. "थो कापते थे दिसते तरी. तू कुठून कापशीन, थे कुठं दिसून राह्यलं?"

मी तिला वाटेल ते बोललो. तिनेही माझ्या सायकलच्या दिवसांपासूनचा उद्धार केला. मग पाटीकडे हात करून म्हणाली, "आन् भावाचं बोलाचं कोणाशी? त्या पाटीशी?"

तिथे मला कळलं. आमच्याकडे भावावरून भांडण झाल्याशिवाय सौदा झाला असं कोणाला वाटत नाही. माझ्यासारख्या तिरसट माणसाने गप्प बसून भाव द्यावा, यातच लोकांना काळंबेरं दिसलं होतं.

मी पाटी उतरवली आणि तिला पाटीपेक्षा कमी भाव सांगितला. म्हातारीचा चेहरा खुलला. तिने मला लुच्चा म्हटलं आणि ऑटोवाल्याला पोती उतरवायला सांगितली. भांडत भांडत आम्ही पाटीवरच्या भावाच्याही जरा वर येऊन थांबलो. चाळणीखालचा कचरा तिने फडक्यात बांधून नेला.

पहिलं तेल वेळेवर गेलं. पुढे वर्ध्याच्या बैठकीत मॅडमनी इतर व्यापाऱ्यांना चाळणीची गोष्ट सांगितली, फोटो दाखवले. पाटी कोणी उतरवली, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हातारी मात्र पुढच्या हंगामात शेजारणीला घेऊन आली. घाण्याच्या दारात उभी राहून तिला समजावत होती, "इथं जोरानं भांडजो. कडता नाई घेत थो."

शेजारणीने सांगितलेला भाव ऐकला आणि मी मोटर बंद करून बाहेर आलो.