जरा चूल फुंकता का?

विद्युल्लता हे नाव ज्याने ठेवलं, त्याने बाईंना जिना चढताना पाहिलेलं नसणार. ठेंगणी, अंगाने भरलेली बाई. दर चार पायऱ्यांवर थांबून बनारसच्या सगळ्या जिन्यांचा उद्धार करायची. नावाला शोभेल असे फक्त डोळे होते, आणि तेही बारा महिने लाल. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत ‘चूल्हेवाली माताजी’ म्हटलं की लोक बरोब्बर नीलकंठ गुरुजींचा दरवाजा दाखवायचे.

गुरुजींकडे महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू उतरत. सकाळी घाटावर पिंडदान, मग वरच्या मजल्यावर श्राद्धाची पानं. त्या पानांचा स्वयंपाक बाई करत. त्यांचे यजमान बिंदुमाधवपंत पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. सत्तावन साली ते तापाने गेले तेव्हा मुलगी सुनीती चार वर्षांची होती. गुरुजींनी विचारलं आणि तीन महिन्यांच्या आत बाई सोवळं नेसून दुसऱ्यांच्या पितरांसाठी वडे तळायला बसल्या.

या स्वयंपाकाचं एक पथ्य होतं. डोळ्यांतून टिपूस पडता कामा नये. रडलं की पितर पानावरून उपाशी उठतात, असं गुरुजी सगळ्यांना बजावत. आता ज्या बाईचं कपाळ नुकतं पुसलं गेलंय तिने डोळे कोरडे ठेवायचे कसे? घरोघरच्या बायकांना कांदा तरी असतो. श्राद्धाला कांदाही वर्ज्य. राहता राहिला धूर. बाई चुलीत वाकायच्या, फुंकणी तोंडाला लावायच्या आणि मनसोक्त रडून घ्यायच्या. मग पदराच्या आतल्या काठाने तोंड पुसून, हात धुऊन पुन्हा वड्यांकडे वळायच्या. वडे तसे फार चांगले करत.

हळूहळू त्यांना कळायला लागलं की बाहेर बसलेल्यांचीही हीच अडचण आहे. बापाचं श्राद्ध करणारा मुलगा पिंडावर नजर रोवून बसायचा, आईवेगळी झालेली लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बायका निदान भिंतीकडे वळतात, पुरुष बिचारे तेही करत नाहीत. मग बाई आतून हाक मारायच्या, “अहो, जरा चूल फुंकता का? माझा दम गेलाय.” गंगेत बुडी मारून ओलेत्याने आलेलं माणूस सोवळ्यातच धरायचं, हा त्यांचा स्वतःचा कायदा. साताऱ्याचे एक धिप्पाड फौजदार असेच आत आले आणि पाऊण तास चूल फुंकत बसले. तोवर भात शिजून, उतरवून, गारही झाला होता. बाहेर आले तेव्हा डोळे जास्वंदीसारखे. पण कुणी चकार शब्द काढला नाही. चुलीपाशी बसल्यावर डोळे लाल व्हायचेच.

अशी एकोणीस वर्षं गेली. शहात्तर साली दोन गोष्टी एका आठवड्यात घडल्या. सुनीतीला नागपूरला बँकेत नोकरी लागली, आणि गुरुजींच्या घरात गॅस आला.

सुनीती आईच्याच वळणाची, हट्टी. कागद हातात घेऊन म्हणाली, “आई, मी सांगून ठेवते. निघताना तुझ्या डोळ्यात पाणी दिसलं ना, तर मी सामान उतरवून घेईन. नोकरी गेली भाड़ में.”

ती बोलल्याप्रमाणे करणारी होती, हीच भीती. पोर राहिली तर याच गल्लीत, स्वयंपाकीणबाईंची मुलगी म्हणून जन्म काढील. बाईंना ती जायला हवी होती. आणि ती जाणार या विचाराने त्या दिवसातून दहादा चुलीपाशी जाऊन बसत होत्या. त्यात गुरुजींची सून लीला कौतुकाने काडी ओढून दाखवत होती, “देखो काकू, जरासुद्धा धुआँ नाही!” त्या निळ्या ज्योतीसमोर आपण उघड्यावर पडलो असं बाईंना वाटलं.

त्या गुरुजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “श्राद्धाचं अन्न गॅसवर चालायचं नाही.”

“असं कुठे म्हटलंय?” गुरुजींनी विचारलं. सगळं धर्मशास्त्र त्यांच्या जिभेवर होतं.

“पितरांना धुराचा माग लागतो. त्याशिवाय त्यांना घर सापडत नाही.”

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दारात सुनीतीची ट्रंक दोरीने बांधून ठेवलेली होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. “आहे,” ते म्हणाले, “तसं वचन आहे खरं. लीला, चूल मोडू नका.”

निघायच्या दिवशी अकोल्याच्या मंडळींचं श्राद्ध होतं. बाईंनी टालवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, मुद्दाम ओली लाकडं मागवली. टालवाला म्हणाला, “माताजी, ये जलेगी नहीं.” बाई म्हणाल्या, “तू दे तर खरं.” एकोणीस वर्षांत त्यांनी असलं लाकूड घरात येऊ दिलं नव्हतं. स्वयंपाकघर असं भरलं की समोरची घागर दिसेना. सुनीती खोकत आत आली, पाया पडली. आईच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

“आई, रडतेस?”

“डोळे फुटलेत का तुझे? धूर दिसत नाही?”

सुनीती क्षणभर चुलीकडे बघत राहिली. मग “बरं” म्हणून जिना उतरून गेली. बँकेतल्या बाईला आपण कसं फसवलं, याचा विद्युल्लताबाईंना पुढे कित्येक वर्षं मोठा अभिमान वाटत होता.

पितरांचा धूर मात्र तेवढ्यावर थांबला नाही. बघता बघता शेजारच्या चार घरांनी ते वचन उचललं. घरोघरी गॅस आले, पण श्राद्धाला चूलच. लीला कपाळावर हात मारून घ्यायची आणि लाकडं रचायची.

सुनीती दर दिवाळीला यायची. त्र्याण्णव साली आली ती आईला घेऊन जायलाच. चाळिशीची झाली होती, कानशिलांवर केस पांढरे. आठ दिवस समजावलं, भांडली, अबोला धरला. बाई हलल्या नाहीत. “माझं माणूस इथल्या पाण्यात गेलंय. मी कुठे जाऊ?”

शेवटच्या सकाळीही घरात श्राद्ध होतं. गुडघे गेल्यापासून बाई पाटावर बसून नुसत्या सूचना द्यायच्या. सुनीती बुडी मारून आली, चुलीपुढे बसली आणि फुंकणी उचलली. बराच वेळ फुंकत राहिली. तिची पाठ हलत होती.

“सुनीती, रडतेस का गं?”

“डोळे फुटलेत का तुझे?” ती मागे न वळता म्हणाली. “धूर दिसत नाही?”

बाईंनी चुलीकडे पाहिलं. बाभळीची वर्षभर वाळलेली लाकडं लखलखीत जळत होती. धुराची रेघसुद्धा नव्हती. म्हणजे हिला तेव्हाच कळलं होतं. कळूनही ही ‘बरं’ म्हणाली, कारण आईला तेवढंच हवं होतं. सतरा वर्षांचा सगळा अभिमान गळून गेला, आणि त्या जागी इतकी माया दाटून आली की बाईंना पाटावर बसवेना.

त्या भिंतीला धरून उठल्या आणि लेकीला खेटून बसल्या.

“दिसतोय बाई, दिसतोय,” त्या म्हणाल्या. “सरक जरा. मलाही फुंकू दे.”